थोरल्या जावेची पाटी

माझा स्वभाव संशयी. त्या काळी मी त्याला हुशारी समजत असे.

भाट्याच्या खाडीकाठी आमचं घर. दोघी जावांचे नवरे मुंबईला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि चुली दोन. ऐंशी सालाच्या आधी शिंपल्या जाळून चुना करणाऱ्या एका भट्टीने खाडी पार ओरबाडली होती. मेलेल्या शिंपल्यांबरोबर जिवंत तिसऱ्याही, म्हणजे आमच्या खायच्या शिंपल्या, उपसून नेल्या. पुढे भट्टी बंद पडली. काठाला चिपीची, खारफुटीची रोपं उगवली, बगळे परतले, पण चिखलात कोपरापर्यंत हात घातला तरी एक तिसरी लागत नव्हती. आमचं निम्मं कालवण त्या खाडीवर चालायचं. ते आता गेलंच, असं सगळे म्हणत. थोरली जाऊ तेवढी म्हणे, "येतील गो." हिला एवढी खात्री कुठून, हे मला खुपायचं.

ती मधूनमधून माहेरी जायची. परत येताना बांधावर तिच्या डोक्यावर जड पाटी दिसे, वर ओलं गोणपाट. घरी पोचे तेव्हा पाटी रिकामी. विचारलं की म्हणे, "काय न्हाय गो." काय नाही म्हणजे नक्की काहीतरी आहे, हे मी ओळखलं.

एका सुकतीला पाणी ओसरल्यावर ती खाडीत उतरली. मी चिपीच्या आडून पाहत राहिले. चार काठ्या रोवलेल्या जागी ती बसली, चिखलातून तिसरी काढली आणि उन्हात धरून निरखू लागली. पुढचं बघायला मी थांबलेच नाही. सगळं कळलं होतं! माहेरचं निमित्त करून ही बया एकटीच तिसऱ्या काढते आणि परस्पर बाजारात विकते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आधी मी गेले. काठ्यांमधली सगळी जागा उकरली, लहानमोठं काही पाहिलं नाही. भरपूर खोबरं घालून कालवण केलं आणि मुद्दाम तिच्यापुढे ताट ठेवलं.

"कशा झाल्यात, वैनी?"

तिने ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्हायेरच्या खाडीतनं आनल्या व्हत्या गो. दोन वर्सं पेरत्येय. तगतील का नाय, म्हनून कोनाला बोलले नाय."

काल निरखलेली तिसरी तिने पुन्हा चिखलात ठेवली असणार. ते बघायला मी थांबायला हवं होतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कालवणातून एक शिंपली उचलली. नखापेक्षाही लहान, आतला जीव तांदळाच्या कणीएवढा. ती बोटावर धरून तिने दिव्याजवळ नेली.

"एवढी बारकी मी कदी आनली नाय," ती म्हणाली. "ही हितं जल्मलीय."