गाठवाल्यांनी बांधलेला हात

माझ्या सासऱ्यांना लाकडाच्या वखारीत सगळे गाठवाले म्हणतात. ट्रकवर ओंडके चढले की दोर आवळायचं काम त्यांचं. त्यांनी बांधलेला माल कधी तसूभरही हलला नाही, आणि हे ते घरात इतक्यांदा ऐकवायचे की माझे कान किटले होते. त्यांचा नियम एकच. माल पोचेपर्यंत गाठीला हात लावायचा नाही. वाटेत कुणी सैल करायला गेलं की त्याची बिनपाण्याने हजामत व्हायची.

वखारीत वर्षातून एकदा दवाखान्यातल्या नर्सबाई यायच्या. साप चावला तर काय करायचं ते समजावून सांगायच्या. चावलेल्याला चालवू नका, हात हलू देऊ नका, बांगड्या-अंगठ्या काढा, कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू तर मुळीच नका, सरळ दवाखाना गाठा. मामंजी पहिल्या रांगेत बसून ऐकायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "बाई चांगल्या आहेत हो, पण दोरीतलं त्यांना काय कळतंय!"

मी शिंप्याकडचे शर्ट घरी आणून हाताने काजं करायची. माझं काज बघून शिंपीसुद्धा मान डोलवायचा. तेवढा तोरा मलाही होताच. या घरात राहून लागला असेल.

एका दुपारी मागच्या अंगणात ढलप्यांच्या ढिगातून जळण काढताना उजव्या हाताला काहीतरी डसलं. शेपटी सरकताना दिसली आणि मी किंचाळले. मामंजी धावत आले, खांद्यावरची दोरी काढली आणि कोपराच्या वर अशी आवळली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आता विषाची वर चढायची टाप नाही," म्हणाले. शेजारीपाजारी जमले होते, त्यांनी माना डोलवल्या. हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या.

वखारीचा भरलेला ट्रक निघतच होता, त्यात मला बसवलं. नवरा कामावर गेलेला, त्यामुळे सोबत मामंजीच. रस्ता लांबचा. हात आधी ठणकला, मग निळा पडला, मग माझा वाटेनासाच झाला. "मामंजी, पाया पडते, सैल करा हो," मी रडत होते. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले.

"काका, जरा ढिली करायची का?" ड्रायव्हरने विचारलं.

"पोचेपर्यंत नाही."

आम्हाला दवाखान्याच्या दारात उतरवून ड्रायव्हर माल घेऊन पुढे गेला. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी बांधलं?" मामंजी छाती पुढे काढून म्हणाले, "मी."  डॉक्टरांनी सलाईन लावून, औषध हाताशी ठेवून दोरी अगदी सावकाश सोडवली. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. विषाचा मागमूस नव्हता. साप बिनविषारी निघाला.

हात मात्र दोरीने गेला. आतल्या नसा चेचल्या होत्या. तीन बोटं आजही नीट मिटत नाहीत, सुई धरली की गळून पडते. शिंप्याने थोडे दिवस वाट पाहिली आणि शर्ट दुसरीकडे द्यायला लागला.

लोक भेटायला आले की म्हणायचे, "गाठवाल्यांमुळे सून वाचली!" मामंजी खोटं बोलले नाहीत, पण खरंही सांगितलं नाही. मी तरी कुठे बोलले? सासऱ्यांची चारचौघांत शोभा नको म्हणून गिळलं, आणि आतून धुमसत राहिले. मी वाढायला लागले की ते ताटात तोंड खुपसायचे. डाव्या हाताने वाढताना काही सांडलं तर अर्ध्या जेवणावरून उठायचे. शरमेने माणूस स्वतःच्याच घरात एवढा अंग चोरतो, हे मी तेव्हा बघितलं.

पुढच्या खेपेला नर्सबाई आल्या तेव्हा वखारीच्या मालकांनी मलाही बोलावून घेतलं. बाईंनी दोरी आवळू नका म्हणताच तो ड्रायव्हर उठला.

"असं कसं, बाई? ही ताई समोर बसलीय की धडधडीत जिवंत! मी तर तेव्हापासून सीटखाली दोरी ठेवलीय. उद्या माझ्या पोरीला चावलं तर काकांसारखीच आवळणार बघा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामंजी उठले. 

"ती दोरी फेकून दे," ते म्हणाले. "साप बिनविषारी होता. हिचा हात मी घालवला."

टाळ्या बंद झाल्या. मालक सावरून घेत म्हणाले, "अहो, तुम्ही भल्यासाठीच केलंत. तुम्हाला काय माहीत?"

"माहीत होतं. निम्म्या वाटेतच कळलं होतं, काहीतरी चुकतंय. पण मी बांधलेलं मीच सोडायचं, तेही ड्रायव्हरसमोर... मला लाज वाटली."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते की म्हाताऱ्याला कळलंच नसेल. तेवढ्या एका गोष्टीवर मी त्यांना दोन वेळा जेवायला वाढत होते. मी उठले आणि बाहेर चालू लागले. मागून हाक मारायचं त्यांना धाडस झालं नाही.