फेरातला शेवटचा शब्द

बारावीच्या वर्गात परवा विचारलं, "कवी एक कडवं दुसऱ्याला कशानं बांधतो?" "ध्रुवपदानं," मुली एका सुरात. व्हय गं बायांनो, पण आणखी एक गाठ असते. मागच्या कडव्याचा शेवटचा शब्द उचलून पुढचं कडवं सुरू करायचं. ती गाठ मला सासरी, वाईजवळच्या गावात, नागपंचमीच्या फेरात कळली. चांगलीच कळली!

फेरात बायकांच्या दोन रांगा समोरासमोर. एकीनं कडवं संपवायचं, दुसरीनं त्याच शेवटच्या शब्दानं उत्तर द्यायचं. गप्प बसली ती हरली. फेरात सून काहीही बोलली तरी घरी त्याचा राग धरत नाहीत. मला तेच पाहिजे होतं. तासिकेवर राबून जीव विटला होता. सांगलीत, माझ्या माहेरी, कायमची नोकरी मिळत होती आणि दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. नवरा फौजेत, फोनवर त्याचं एकच, "आईला विचार." सासूबाईंपुढं विषय काढला की त्या गोठ्यात!

म्हणून देवळापुढं मीच सुरुवात केली:

"कृष्णामाई निघाली वाईच्या घाटाहून,
उड्या मारत जाती थेट सांगलीला."

बायका फिदीफिदी हसल्या. सासूबाईंनी समोरून पदर खोचला:

"सांगलीला जाशील, ल्योक माझा फौजेत,
सांजचा दिवा सांग कोण लावील घराला?"

मी कुठली ऐकतेय!

"घराला लावू कुलूप, आत्या चला संगती,
सुट्टीला येऊन बघू आपली शेती."

जिंकले, असंच वाटलं.  तर त्या हळूच म्हणाल्या:

"शेती सोडून माझा जीव कुठं लागंल?
तू गेल्यावर बाई, मी घरात एकली."

आवाज फाटला त्यांचा. आता मला 'एकली'नं सुरुवात करायची होती. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. सुचत लय होतं, पण त्या शब्दापुढं माझं सांगलीचं गाऱ्हाणं लावायला जीभ उचलेना. म्हातारीनं पार कोंडलं मला! असा संताप आला म्हणता! "आगं, म्हण की," शेजारीण ढोसत होती. मी गप्पच राहिले. समोरच्यांनी टाळ्या पिटल्या.

सकाळी सांगलीला नकार कळवला. कुणी विचारलं तर घरची अडचण सांगते. त्यांचा गळा खरंच दाटला होता, का ती जिंकायची युक्ती, हे अजून विचारलेलं नाही. नुसता खेळ होता म्हणाल्या, तर मी काय करू?