अर्धा कोयता

अंबाजोगाईच्या एका ग्रंथालयात जुने कागद जपणारा तो माणूस मला एकदाच भेटला. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, कादंबऱ्यांचे खर्डे आणि पत्रं त्याच्याकडे सोपवायला आईसोबत गेलो होतो. आप्पा ऊसतोडीला जात आणि फडाच्या कडेला बसून लिहीत. ते वारल्यापासून आई ते गाठोडं उशाशी घेऊन झोपायची.

तिथेही तिने वरचं एकच पान काढून दिलं. तो मऊ कुंचल्याने पानावरची काजळी झाडू लागला. शिंक आली की तोंड फिरवायचा आणि पानालाच म्हणायचा, "माफी असावी."

"खोक्यावर नाव कुणाचं घालू?"

"आप्पांचं," मी म्हणालो.

"एकट्याचंच? कावून? मंग ह्यो अर्धाच कोयता झाला की, सर!"

आमच्याकडे तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा.

"मावशी, फडात कागद कोण सांभाळायचं?"

"मीच की. त्यांला कुठं भान ऱ्हायचं?"

"मंग तुमचं बी नाव सांगा."

आईने लाजत नाव सांगितलं आणि गाठोडं त्याच्यापुढे सरकवलं. "घे बाबा. पन शिंकायचं असंल तर भाईर जात जा."

आप्पा गेल्यापासून तिने कुणाला दम भरला नव्हता. तो हसला आणि खरंच बाहेर जाऊन शिंकून आला.