बंदचा महिना

त्या हिवाळ्यात आमच्या अकोल्याच्या घरात एक जानेवारी आठवड्यातून तीन-चारदा यायची. लोडशेडिंग संपून लाइट आली, कॉम्प्युटर सुरू केला, की पडद्यावर एक जानेवारी, आणि सालही इतकं जुनं की तेव्हा बाबांचा जिनिंग कारखाना अजून चालू होता. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी बाई. पोरांना उठता-बसता अक्कल शिकवायची आणि घरच्या मशीनला साधी तारीख लक्षात राहू नये? डोकं फिरायचं माझं.

तारीख चुकली तर एवढं काय बिघडतं, असं कोणीही विचारेल. आमच्याकडे बाबांचं सगळं बिघडायचं.

बाबा त्या कारखान्यात टाइमकीपर होते. भोंगा त्यांच्या हातात. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात चहाची भांडी वाजायची. दिवाळीपासून एप्रिलपर्यंत कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर पार सडकेपर्यंत लागलेल्या असत. मे उजाडला की कारखाना बंद, यंत्रांना तेलपाणी, आणि बाबा घरी उघड्या अंगाने पंख्याखाली. पुढे कापसाचे दिवस फिरले. गाड्या कमी झाल्या, एक पाळी गेली, मग मालकाने यंत्रं भंगारात काढून जागेचे प्लॉट पाडले. फाटक तेवढं राहिलं. बाबा घरी बसले आणि त्यांचं डोकं एकेक गोष्ट सोडू लागलं. आधी शेजाऱ्यांची नावं, मग वार, मग कारखाना बंद पडल्याचंही.

अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा आजार मागे फिरणारा नाही, पण समोर मोठं घड्याळ आणि तारीख ठेवा, माणूस दिवसाला धरून राहतो. भिंतीवरचं कॅलेंडर बाबांना मान्य नव्हतं. "तो कागद आहे. कोनीबी पान उलटवलं का महिना बदलते. जे चालते ते घड्याळ," म्हणाले. म्हणून पावसाळ्यात मीच हौसेने कॉम्प्युटरच्या पडद्यावर तारीख-वेळ भल्या मोठ्या अक्षरांत लावून दिली, दिवाणावर बसल्या बसल्या वाचता येईल अशी. बाबा खूश. थोड्या थोड्या वेळाने मोठ्याने वाचायचे आणि आई स्वयंपाकघरातून "हाव" म्हणायची.

आणि मग ती एक जानेवारी आली. मी क्लासला गेले होते. लाइट गेली, परत आली, आईने मी शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं. बाबांनी पडदा वाचला आणि ताडकन उठले. "अवं, जानेवारी लागली! गाड्या सडकेवर आल्या असतीन अन् मी अथी बसून राहिलो!" खाकी शर्ट चढवला, तोही उलटा. आई फोडणी देत होती. मागे वळून पाहते तर दार सताड उघडं.

कारखाना आणि आमचं घर यांच्या मधे हायवे आहे. तिथे ट्रक माणूस पाहून थांबत नाहीत. बाबा कसे पार झाले देव जाणे. फाटकाशी ते सापडले चाचांना. चाचा त्याच कारखान्यातले बॉयलरचे मिस्त्री. कारखाना गेल्यावर त्यांनी समोरच कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. बाबा फाटकाच्या कुलपाशी झोंबत होते, बोटं सोलून निघाली होती. चाचांनी त्यांना स्कूटरवर बसवून घरी आणलं तेव्हा आईने दारातच त्यांची सोललेली बोटं पदरात धरली. "मिस्त्री भाऊ, आज वाचले. उद्या कोन वाचवन?"

चाचांनी युक्ती काढली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे, "भाऊ, आज गाड्याच नाही लागल्या. मालक म्हणते, घरीच राहा." कारखान्यात हे नेहमीचं बोलणं होतं: गाड्या नाहीत तर भोंगा नाही. एप्रिल सरताना हे सहज खपलं असतं. पण जानेवारीत? "जानेवारीत गाड्या नाही? मियाँ, मले भैताड समजतो का बे?" बाबा चवताळायचे. एका सकाळी ते मागच्या दाराने निसटले आणि हायवेवर मोटारसायकलने त्यांना उडवलं. हात मोडला. दवाखान्याच्या खाटेवरही प्लास्टरमधला हात वर करून ते भोंग्याची साखळी ओढत होते. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले, खोटं कशाला सांगू.

मग मी त्या कॉम्प्युटरच्या हात धुऊन मागे लागले. हाताने तारीख लावायची, लाइट गेली की पुन्हा जानेवारी. यूपीएस होता, पण लोडशेडिंगपुढे त्याची बॅटरी कधीच मेली होती. इंटरनेटवरून वेळ जुळवून पाहिली, तर फरक एवढा मोठा की यंत्र जुळवायलाच तयार नाही. ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला तो दुकानदार न पाहताच म्हणाला, "मॅडम, व्हायरस आहे. फॉरमॅट मारून टाका." डोंबल तुझा व्हायरस, म्हणाले मी, आणि मनात नाही, तोंडावर. घरी येऊन स्वतःच डबा उघडला. आत बोटभर धूळ, पालीची अंडी, आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यात नाण्याएवढा चपटा सेल. लाइट नसताना तारीख सांभाळायचं काम त्याचं, आणि तो पार संपलेला. गावभर हिंडून नवा आणला, तर तोही दुकानात पडून पडून मेलेला निघाला. दुसरा एका घड्याळवाल्याने मीटर लावून, तपासून दिला. तो बसवला, मशीन सुरू होतानाच डिलीटचं बटण दाबून तारीख लावायची निळी पाटी उघडली.

रविवार होता. चाचा आले होते, आई मागे उभी होती. मी खरी तारीख टाकायला बोट उचललं आणि थांबले. खरा महिना डिसेंबर होता, आणि डिसेंबरही हंगामाचाच.

"खरी टाकून काय भेटन?" आई म्हणाली. "डिसेंबरातही हे निघतीनच."

चाचा पडद्याकडे पाहत होते. "बंदचा महिना टाक ना, बेटी. मे टाक. मेमधी कोन जाते कारखान्यात?"

मला असा संताप आला! एवढी धडपड मी खरी तारीख यावी म्हणून केली होती. डॉक्टर म्हणत होते दिवसाला धरून ठेवा, आणि हे मला धडधडीत खोटा महिना टाकायला सांगत होते. "काहीही काय, चाचा!" मी ओरडले. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "मियाँ, किती गाड्या लागल्या बे?"

मी मे टाकला.

दुसऱ्या सकाळी बाबांनी वाचलं, "मे." आणि परत आडवे झाले. "बंद आहे," म्हणाले, अगदी समाधानाने. कितीतरी दिवसांनी आईने दाराची कडी न लावता भाकरी थापल्या. थंडीने कुडकुडले की बाबा विचारायचे, मेमधी हे काय? आई गोधडी पांघरत सांगायची, "तुमच्या अंगात कणकण आहे." ते बिचारे स्वतःच्याच कपाळाला हात लावून पाहायचे. इकडे माझी एकही साइट धड उघडेना, तारीख चुकीची आहे म्हणून यंत्र सारखं बोंबलायचं. बोंबल म्हटलं.

महिना सरत आला की मी तारीख मागे न्यायची. पुन्हा एक मे. कोणाला काय कळतंय, असं वाटलं. तर एका सकाळी बाबा चहा तसाच निवू देऊन पडद्याकडे टक लावून बसलेले.

"बाई, हा मे काहून सरून नाही राहिला?"

मी काहीतरी थातूरमातूर बोलले. ते ऐकत नव्हते. "मे सरला नाही तं मिरग कसा लागन? मिरग नाही तं पेरनी नाही. पेरनी नाही तं कापूस नाही." त्यांनी चहाचा कप दूर सारला. "लोकं मरतीन ना वं, बाई."

आणि ते माझ्यादेखत हमसून हमसून रडले. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांबद्दल पेपरात रोज काय छापून यायचं ते मी सांगायला नको. बाबांच्या हाती लागू नये म्हणून आई पेपर घडी न मोडता पलंगाखाली सरकवायची. त्यांनी त्यातलं अक्षरही वाचलं नव्हतं.

मी तारीख मागे नेणं सोडून दिलं. पडद्यावर जून लागला. त्या सकाळी चाचा पायरीवरूनच ओरडले, "भाऊ, लागला मिरग! सडकेवरून पानी वाहून राहिलं!" बाबांचा चेहरा असा काही उजळला की मग आम्हाला थांबताच येईना. आई म्हणायची पेरण्या साधल्या. चाचा म्हणायचे, यंदा पऱ्हाटी कमरेएवढी झाली. मीसुद्धा एक दिवस सांगून टाकलं की कळ्या, पात्या धरल्यात. बाहेर उन्हाळा तापत होता, नळाला आठवड्याने पाणी येत होतं, आणि आम्ही घरात बसून पाऊस पाडत होतो. सगळ्या वऱ्हाडात तेवढं एकच साल चांगलं पिकत होतं.

भीती होती ती दसऱ्याची; दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की हंगाम आलाच. पडद्यावर सप्टेंबर लागला आणि बाबा म्हणू लागले, "दसऱ्याले भोंग्याची साखळी बदलाची आहे. गंजली असन." पुन्हा मे लावायची माझी छाती नव्हती. चाचा भंगारवाल्यांकडे जुना भोंगा शोधून आले. मिळाला नाही.

दसऱ्यापर्यंत वेळ आलीच नाही. खोकला छातीत उतरला, ताप चढला. "अंगात कणकण आहे तुमच्या," आई म्हणाली. या वेळी ते खरं होतं आणि तिला ते बोलवत नव्हतं. दवाखान्यात बाबांनी चाचांचा हात धरून विचारलं, "मियाँ, कापूस फुटला का?"

"फुटला, भाऊ. पांढरंफेक दिसून राहिलं सारं शिवार."

"गाड्या?"

"लागतीन. तुमी आराम करा."

त्याच दिवशी ते गेले. चाचांनी खांदा दिला, तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालत.

दिवस उरकल्यावर पाहुणे पांगले. आई कॉम्प्युटरपाशी येऊन उभी राहिली. "आता लाव खरी तारीख," म्हणाली. मी डिलीटचं बटण दाबलं, निळी पाटी उघडली, साल टाकलं. महिन्यापाशी आले आणि बोट तिथेच राहिलं.

"टाकला?"

"टाकला."

"कोनता?"

मी खुर्ची बाजूला सरकवली. तिने पदराने डोळे पुसले आणि पुढे वाकून स्वतःच वाचलं. खरा महिना मे होता.

ती रिकाम्या दिवाणाकडे वळली. "बंद आहे," म्हणाली.