न मिटणाऱ्या दोन बोटांसाठी : शिरूर, दौंड आणि बाभळीच्या मुठी

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता पूर्ण मिटणार नाहीत, हे मान्य करायला मला आठ महिने लागले. रिक्षा उलटली, मनगट मोडलं. हाड सांधलं, पण बोटं अर्धवटच राहिली. बारा वर्षं मी लाकडावर नक्षी कोरते आहे. आता पटाशी धरली की तिची गोल मूठ तळहातात फिरायची आणि धार भलतीकडे जायची. डॉक्टर म्हणाले, "हलकं काहीतरी करा, चित्रं काढा." मला चित्रं काढायची नव्हती. हात बदलत नसेल तर मूठ बदलायची, असं ठरवलं आणि फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सातही पटाश्या जुन्या चादरीत गुंडाळून शिवाजीनगरचा स्टँड गाठला.

शिरूरला अवजारांचे दांडे करणारे एक वयस्कर सुतार आहेत, एवढंच कानावर आलं होतं. एसटीनं दोन तास लागले. शिक्रापूरच्या पुढे कारखान्यांच्या बसगाड्यांची गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर निघा. स्टँडसमोर मिसळ खाल्ली आणि विचारत विचारत त्या सुतारांकडे, आप्पांकडे, पोचले.

आप्पांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला. "कुदळीचा दांडा म्हणा, आत्ता देतो. ह्ये माप घ्यायचं काम हाय. माझी नजर राह्यली न्हाई आता." पण त्यांनी मला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. माळ्यावरून दोन वर्षं वाळलेली बाभूळ काढून दिली. "ओली घेऊ नका कुणाकडनं, वाळताना चिरती. दौंडाला माझा मेव्हणा हाय, रेल्वेच्या शेडात सुतार व्हता. हट्टी हाय, पण करंल."

न्हावरा, चौफुला करत दौंड. थेट गाडी चुकली तर चौफुल्याला बदलावी लागते; मलाही लागली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या, लाकडाचं ओझं मांडीवर होतं, आणि आपण हे उगाच तर करत नाही ना, असं मनात येत होतं. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परतायचा बेत होता.

आप्पांचे मेव्हणे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, पडवीत करवतीला धार लावत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अगं, कणकेचा गोळा आण." मामींनी घट्ट मळलेली कणीक आणली. मामा म्हणाले, "पटाशी धरता तशी धरा. जोर लावा." मी मूठ आवळली. गोळ्यावर तीन बोटांचे खोल ठसे उमटले आणि जिथे दोन बोटं पोचत नव्हती, तिथे कणीक फुगून वर आली.

"ही फुगलेली जागा लाकडात ठिवायची," मामा म्हणाले. "बोटं न्हाई येत लाकडापाशी, तर लाकूड जाऊ दे बोटांपाशी."

तासाभरात त्यांनी कानशीनं पहिली मूठ उतरवली. ती हातात घेतली तेव्हा माझे डोळे भरून आले, कारण ती फिरत नव्हती. पात्याचं टोकदार शेपूट भोकात घालून बसवायचं काम मी मागून घेतलं. मामा म्हणाले, "दमानं. भोक अजून मोठं कराय लागंल." मला गाडी गाठायची होती. दोन घाव जोरात घातले आणि मूठ उभी चिरली.

मामांनी तुकडे उचलून बाजूला ठेवले. "आज जाताय व्हय?"

"नाही. उद्या सकाळी येते."

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये पाचशे रुपयांत खोली मिळाली. खोली साधी होती, पाणी गरम होतं. सकाळी आठला मी पुन्हा पडवीत होते. या वेळी मामांनी कानशीला हात लावला नाही. "तुम्हीच करा. मी सात करून देणार न्हाई. मोडल्या तर परत कुठं येताय?"

भोक आधी, आकार मागाहून, हे त्या दिवशी शिकले. भोक वर रुंद, खाली निमुळतं. तोंडाशी पाइपाच्या तुकड्याची लोखंडी कडी. मग हलके घाव, आणि दर घावाला थांबून पातं सरळ बसतंय का ते पाहायचं. दुपारी दोनला माझी पहिली मूठ बसली. ओबडधोबड होती. मामांनी ती फळीवर चालवली, माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "चालंल." पैसे घेतले नाहीत, मामींनी जेवून जायला लावलं. मग पॅसेंजरनं पुणे.

तुम्हाला असं काही करून घ्यायचं असेल तर पटाश्या सोबत न्या आणि मुक्कामाच्या तयारीनं जा. एका दिवसात होत नाही.

याला तीन महिने झाले. सातपैकी पाच मुठी बसल्या, मध्ये आणखी एक चिरली. तासभर काम केलं की मनगट ठणकतं आणि थांबावं लागतं. पूर्वी दिवसात होणाऱ्या कामाला आता आठवडा लागतो. गेल्या रविवारी शिसवाच्या फळीवर एक कमळ पुरं झालं. एका पाकळीची कड जाड राहिली आहे. ती तशीच ठेवली आणि शेजारी दुसरं कमळ आखायला घेतलं.