एका वेळच्या पोळ्या

जवसाची चटणी कुटली की भिलाईचं क्वार्टर आठवतं. नव्या कारखान्याच्या प्रयोगशाळेने मला प्रशिक्षणासाठी मॉस्कोला निवडलं होतं. रेल्वेत गार्ड असलेले बाबा भडकले, "एकटी पोरगी इतक्या दूर? मी भुसावळचं स्थळ पाहून राहिलो!" आमच्या घरात अंतर शिदोरीवर मोजत. चटणी कुटता कुटता आईने विचारलं, "किती वेळच्या पोळ्या लागतीन?" मी म्हटलं, "भुसावळले दोन वेळच्या. दिल्लीहून मॉस्कोले विमानानं एकाच वेळच्या. सांगा बाबा, दूर कोणतं?" "अन् दिल्लीपर्यंत तुले कोण नेते?" "तुमचा रेल्वेचा पास!" आई हसली आणि तिने कणीक भिजवायला घेतली. मी मॉस्कोला गेले. अजूनही कुणी मुलीला दूर पाठवायला कचरलं, की मी आधी पोळ्या विचारते.