आवाजावर पास केलेला पाव्हणा

आमच्या प्राजूला, म्हणजे नातीला, बघायला येणारी मंडळी घरी आली नाहीत, कारण हल्ली मुलगी मॉलमध्ये बघतात. घरात पोहे आहेत, खुर्च्या आहेत, पण नाही! पिंपळे सौदागरच्या पलीकडं नवा मॉल झालाय, तिथंच जायचं.

"अण्णा, तिथं सगळं निसर्गावर केलंय. जिकडं तिकडं कला," सून वैशाली म्हणाली.

तळवड्यात आमच्या दारात चिंच होती, लिंब होता. ते तोडून पार्किंग झालं. आता निसर्ग बघायला मला लिफ्टमधून नेतात.

गाडीत प्राजूनं दम भरला. "अण्णा, मुलगा मला आवडलाय. सगळे तयार आहेत, फक्त त्याच्या आजोबांचा होकार राहिलाय. ते फार कडक आहेत. तुम्ही कुणाला काही बोलू नका."

"मी कशाला बोलतोय?"

(बोलायचं नाही, एवढंच ठरलं. हात लावायचा नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं.)

मॉलचं छप्पर म्हणे पानाच्या आकाराचं. मला ते उपडं घातलेलं सूप वाटलं. मधोमध सिमेंटचा वड. खाली ना गारवा, ना पाखरू, ना पत्ते कुटणारी माणसं. भिंतीवरनं पाणी पडत होतं, खाली जाऊन परत वर येत होतं. तेच ते शिळं पाणी, आणि शिकली-सवरलेली माणसं त्याच्यापुढं तोंडं वाकडी करून फोटो काढत होती.

आता माझं सांगतो. शाळा चौथीत सुटली, पण फाउंड्रीत कान तयार झाला. ओतलेला माल आम्ही ठोकून पास करायचो. खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. तेव्हापासून माठ, कलिंगड, दार, मी सगळं वाजवूनच बघतो. वडालाही बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"पोकळ हाय."

"अण्णा, हात नका लावू, पाटी आहे तिथं," मुलगा सुनील म्हणाला.

"वाचली मी. वाचता येतं मला."

पुढं हरीण. पोकळ. चाकावर बसलेला कुंभार, हुबेहूब माणूस, तोही पोकळ. डोक्यावर घागरी घेतलेल्या बाईला नाही वाजवलं. परकं बाईमाणूस.

सुनील आणि वैशाली पाहुण्यांना शोधायला गेले. प्राजू माझ्या राखणीला थांबली, पण तिचं ध्यान मोबाईलात. तेवढ्यात वडाच्या मागं बाकावर मला आणखी एक मूर्ती दिसली. फेटा, धोतर, हातात काठी, नजर छपराकडं. पापणीसुद्धा हलेना.

"प्राजू, ह्याच्यात मात्र कारागिरी हाय. पण फेटा बांधायचा चुकलाय. आणि नाक बघ, भरताचं वांगं लावलंय जणू."

"अण्णा, हळू बोला. ते लोक वडापाशीच आहेत म्हणे," प्राजू मोबाईलातच बघत म्हणाली.

मी पुढं झालो आणि फेट्याच्या खाली, बरोबर कपाळावर, टक टक केलं.

आवाज भरीव आला. त्या अख्ख्या मॉलमधला पहिला भरीव आवाज!

"पास," मी म्हटलं.

मूर्तीनं डोळे माझ्याकडं फिरवले. "काय करायलाव ओ?"

मागून "आबा!" अशी हाक आली. हातात आइस्क्रीमचे कप घेऊन नवरामुलगा, त्याचे आईबाप, आणि त्यांच्या मागं आमचे सुनील-वैशाली, सगळे जागच्या जागी थिजले. प्राजूनं डोळे मिटून घेतले.

"नातवानं सांगितलं होतं, आबा, बसा, कुणाला बोलू नका," म्हातारा काठीवर जोर देत उठला. मंडळी मूळची लातूरकडची, आता चाकणला असतात. "नाकाला वांगं म्हणलाव, गप बसलो. फेट्याला नावं ठेवलाव, गप बसलो. पण कपाळ ठोकायलाव म्हणल्यावर किती गप बसावं माणसानं?"

माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी म्हटलं, "राग धरू नका. आवाज चांगला आला. आत चीर न्हाई."

प्राजूच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठं मी हात पाठीमागं घेतले. म्हातारा वडाकडं बोट करून म्हणाला, "अन् हे?"

"पोकळ."

त्यानं काठी उलटी धरून वडावर हाणली. बद्द! "मलाबी तसंच वाटायलं होतं. ह्या मॉलात खरं बोलणारं एक तरी माणूस घावलं. पोरगी पसंत हाय."

पोरीकडं त्यानं अजून बघितलंही नव्हतं.

साखरपुड्याला माझा मान विचारू नका. हॉलच्या दारातच वैशालीनं माझ्या दोन्ही हातांत एकेक नारळ दिला. "अण्णा, हे तुमच्याकडंच राहू द्या." घरातला वडीलधारा मी, मानाचे नारळ माझ्याकडं नाही तर कुणाकडं? सगळा कार्यक्रम छाती काढून बसलो. नाक खाजलं तरी नारळ सोडला नाही. जेवायच्या वेळी वैशालीला विचारलं, "आता ठेवू का खाली?"

"पाहुणे गेले की ठेवा अण्णा," ती म्हणाली. "हुंडा नको, मानपान नको म्हणाले. अट एकच घातलीय. तुमचे हात मोकळे ठेवायचे नाहीत."